चांद्याची घरे आणि आग

वसंत म्हटला म्हणजे पुण्याकडच्या माणसास आंब्याचा मोहोर आठवतो. चांद्याच्या माणसास आठवते ती झळ. फाल्गुनात पळस फुलतो, त्याच सुमारास सागाची आणि इतर झाडांची पाने गळून रानात वीतभर पाचोळा साचतो, आणि पुढे चैत्र-वैशाखात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. या दिवसांत रान जसे वाळते तसे घरही वाळते. वाळणारच, कारण आमच्या भागातले घर हे रानाचाच एक तुकडा आहे. खांब सागाचे, वासे आणि कूड बांबूचे, छप्पर गवताचे, कुंपण काट्याकुट्यांचे. ज्या वनाने आमच्या पूर्वजांस निवारा दिला, त्यानेच त्या निवाऱ्यात सरपणही भरून ठेवले. आजच्या व्याख्यानाचा विषय घराला लागणारी आग हा आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु एप्रिल-मे महिन्यांत आमच्या जिल्ह्यांतील कुठल्याही माणसास तो रुक्ष वाटत नाही.

प्रारंभी एक खुलासा. चांद्याचे चंद्रपूर १९६४ साली झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. आम्ही येथे 'चांदा' म्हणू तेव्हा वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचा हा सगळा मुलूख अभिप्रेत आहे असे श्रोत्यांनी समजावे.

आमच्या प्रांताचा इतिहास लिहिला गेला तो राजांचा. गोंड राजांनी शहराभोवती घातलेला कोट, त्याचे जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे चार दरवाजे व पाच खिडक्या, इरई व झरपट या नद्या, रामाळा तलाव, हे सारे अभ्यासकांनी तपशिलाने नोंदविले आहे. परंतु त्या कोटाच्या आत किती घरे जळाली आणि ती पुन्हा कशी उभी राहिली, याचा वृत्तांत कोणी ठेवला नाही. सर्वत्र असेच दिसते. पुण्याचा शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये जळाला तो सर्वांस ठाऊक आहे; १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा पेटले तेही पुस्तकांत सापडते. मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी भडकलेल्या आगीने शहराचा मोठा भाग खाक केला, आणि त्यानंतर दाट वस्ती कोटाबाहेर सरकली, म्हणून तिची आठवण राहिली. वाडा जळतो तेव्हा त्याची तवारीख होते. झोपडी जळते तेव्हा तलाठ्याचा पंचनामा होतो, आणि तो पंचनामा कचेरीच्या बस्त्यात पडून राहतो. या घटनांच्या तारखांकडे सहज लक्ष गेले म्हणून सांगतो: फेब्रुवारी, फेब्रुवारी, मे. थंडीची ओल सरल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचा हा काळ आगीचाच आहे.

मात्र राजांनी आगीचा विचारच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' म्हैसूरच्या शामाशास्त्रींना विसाव्या शतकाच्या प्रारंभी सापडले व १९०९ मध्ये छापून निघाले. तेव्हापासून विद्वानांनी त्यातील हेर, कर आणि मंडलसिद्धान्त यांवर पुष्कळ लिहिले. नगराधिकाऱ्याची कर्तव्ये सांगणाऱ्या अध्यायात उन्हाळ्यातील आगीविषयी दहा-बारा वाक्ये आहेत, त्यांच्याकडे मात्र कोणी फारसे वळत नाही. आमच्या मते चांद्याच्या माणसाने तो अध्याय अवश्य वाचावा. कौटिल्य सांगतो की, ग्रीष्मात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत घरात विस्तव पेटवू नये, पेटविल्यास दंड. स्वयंपाक करावयाचाच असेल तर घराबाहेर करावा. प्रत्येक घरी पाण्याचे पाच घट हवेत. शिवाय मोठा कुंभ, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, गवत ओढून काढण्याचा आकडा आणि चामड्याची पखाल. यांतले काही नसेल तर पाव पण दंड. गवताची व चटयांची छपरे काढून टाकावीत. लोहारासारखे जे अग्नीवर पोट भरतात त्यांस एका जागी वसवावे. घरधन्याने रात्री आपल्या दाराशीच निजावे. रस्त्यांवर, चौकांत, वेशींपाशी पाण्याची भांडी हजारांनी रांगेत मांडून ठेवावीत.

एवढ्यावर तो थांबत नाही. आग लागलेली पाहून जो घरमालक धावून जाणार नाही त्यास बारा पण दंड, आणि जो भाडेकरू धावणार नाही त्यास सहा पण. हा फरक मोठा मार्मिक आहे. ज्याचे घर त्याची जबाबदारी दुप्पट. परंतु भाड्याने राहतो म्हणून कोणी सुटत नाही. निष्काळजीपणाने आग लागली तर चोपन्न पण, आणि मुद्दाम लावणाऱ्यास तर देहान्तच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आधुनिक अग्निशमनाची बहुतेक अंगे आली आहेत: प्रतिबंध, साधने, पाण्याचा साठा, रात्रीची जागरूकता आणि शेजाऱ्याचे कर्तव्य. त्यातले शेवटचे अंग आज कायद्यात सर्वांत क्षीण झाले आहे, त्याकडे पुढे वळू.

कौटिल्य आमच्या रानात कोणी वाचला नव्हता. तरीही त्याचे निम्मे नियम येथे रूढ होते आणि अजून अनेक गावांत आहेत. उन्हाळ्यात चूल अंगणात नेणे, वारा सुटण्याआधी पहाटेच भाकरी-भाजी उरकणे, दुपारी विस्तव राखेखाली दाबून ठेवणे, या गोष्टी बायकांनी मुलींस शिकविल्या. त्या कुठल्या पोथीतून आलेल्या नव्हेत. भामरागडकडच्या माडिया वस्तीत घरे एकमेकांस चिकटून नसतात. प्रत्येक घराभोवती आपले आवार आणि बांबूचे कुंपण असते. ही मोकळी जागा आगीसाठी सोडली असे आम्ही म्हणणार नाही, पण आगीच्या वेळी ती उपयोगी पडते खरी. उलट मैदानी पट्ट्यातील जुन्या गावांत घरांच्या ओळी लागून असतात, एका घराचे वासे दुसऱ्याच्या भिंतीवर टेकतात; तिथे एक छप्पर पेटले म्हणजे वाऱ्याच्या दिशेची सारी ओळ धोक्यात येते. बांबूचे घर पेटले की पेरांत कोंडलेली हवा तापून पेर फुटते आणि बंदुकीसारखा आवाज होतो. तो आवाज ऐकून गाव जागे होते. मग जाणती माणसे जळत्या घराकडे न जाता त्याच्या पुढच्या घरावर चढतात आणि त्याचे गवत ओढून खाली टाकतात. जे पेटले ते गेले, जे पेटेल ते वाचवा, असा हा हिशेब असतो. कौटिल्याचा आकडा आणि शिडी याच कामासाठी होती.

आता रानातल्या आगीकडे येऊ, कारण आमच्या गावांत घराची आग पुष्कळदा रानातून चालत येते. मध्य प्रांतातील वनांचे पहिले संरक्षक कर्नल पिअर्सन यांनी १८६० नंतरच्या दशकात होशंगाबादकडील बोरीच्या जंगलात वणवा रोखण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला, आणि तो यशस्वी झाल्यावर जाळरेषा काढण्याची रीत इतरत्र पसरली. जाळरेषा म्हणजे रानात ठराविक रुंदीचा पट्टा आगीच्या हंगामाआधी साफ करून, त्यातला पाचोळा आपल्या देखरेखीखाली जाळून टाकणे. म्हणजे पुढे येणाऱ्या वणव्यास खाद्य उरत नाही. याच काळात डोंगरउतारावर झाडे तोडून, जाळून राखेत पेरणी करण्याच्या पद्धतीवर बंदी आली. सरकारच्या दृष्टीने ते वनरक्षण होते. ज्यांचे पोट त्या राखेवर होते त्यांच्या दृष्टीने ती वेगळीच गोष्ट होती. या बंदीने रान आणि गाव यांच्यामध्ये एक कडवटपणा आला, आणि 'सरकारचे जंगल जळते आहे, सरकार विझवील' ही वृत्ती पुढे जी दिसते तिचे एक मूळ आम्हांस येथे वाटते.

वस्तुतः कायदा तसे म्हणत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे ७९ वे कलम सांगते की, राखीव वा संरक्षित वनात ज्यास काही हक्क आहे, जो तेथून लाकूडफाटा नेतो वा तेथे गुरे चारतो, त्याने वणव्याची खबर दिली पाहिजे आणि विझविण्यास मदतही केली पाहिजे. कौटिल्याच्या बारा पणांचाच हा वंशज होय. घराच्या आगीसाठी मात्र असे सरळ कर्तव्य शेजाऱ्यावर कोठल्या कायद्याने टाकले असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते लोकरीतीवर सोडले गेले आहे.

वणवा बहुतेक वेळा माणूसच लावतो, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे टपटप गळतात. खालच्या पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावून जागा साफ केली जाते. फुले वेचून माणूस घरी जातो. धुमसता ओंडका मागे राहतो. दुपारी वारा सुटला की तो जागा होतो. तेंदूच्या हंगामाआधी कोवळी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावतात. मोहाखाली झाडू फिरविला किंवा जाळे अंथरले तर काडीची गरज नाही, आणि असे प्रयोग आता अनेक गावांत होत आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असे ठरविले; त्यामागे फांद्यांची छाटणी आणि आग ही दोन कारणे होती. हातचा पैसा सोडून घेतलेला हा निर्णय आहे. आज देहरादूनची वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या नजरेने वणव्याचे ठिकाण हेरून संदेश पाठविते, वनरक्षक पाठीवर यंत्र बांधून हवेच्या झोताने पाचोळा दूर सारतात. परंतु भामरागडच्या आडरानात संदेश पोहोचला तरी माणसे पोहोचावी लागतात.

पाण्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले. पुढे मालगुजारांकडे त्यांची व्यवस्था होती. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या धानाच्या पट्ट्यात गाव तेथे तलाव अशी स्थिती होती. तलाव धानासाठी, हे खरे. पण त्याच्या पाळीखालीच वस्ती असे आणि आगीच्या वेळी घागरींची रांग तलावापासून घरापर्यंत लागे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ती गेली हे योग्यच झाले, त्याबद्दल दुमत नाही. परंतु तलावांचा गाळ कोणी काढावा हा प्रश्न तिच्याबरोबर अनाथ झाला. 'माजी मालगुजारी' म्हणजेच मामा तलाव म्हणून आज ते कागदोपत्री ओळखले जातात, आणि त्यांपैकी पुष्कळ उथळ झाले आहेत. ज्या महिन्यात घरे जळतात त्याच महिन्यात तळे कोरडे. नळयोजना आली, ती चांगलीच. तथापि नळाला पाणी ठराविक वेळी येते आणि मोटार चालविण्यास वीज लागते. आग लागली की बहुधा पहिली वीजच तोडावी लागते. गाळ उपसण्याच्या योजनेचा हिशेब मांडताना सिंचन किती एकर वाढले एवढेच मोजतात. आमच्या मते एप्रिलअखेर तळ्यात किती पाणी उरले हेही मोजावे.

घराच्या आत जे बदल झाले त्यांची कथा लांबलचक आहे. तिचा सूर मात्र एकच. गवत जाऊन कवेलू आले, कवेलू जाऊन टिनाचे पत्रे आले. पत्रा पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त झाले आणि त्याखालच्या माळ्यावर पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या आणि तणस भरू लागले. करंजीच्या वा मोहाच्या तेलाचा दिवा पडला तर विझण्याचा संभव असे. रॉकेलची चिमणी पडली म्हणजे पसरते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घासलेट खेड्यापर्यंत आले आणि १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला पंपाचा स्टोव्ह पुढे मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात गेला. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ मराठी वृत्तपत्रांत किती वर्षे छापून येत होती! त्यातले सारेच अपघात नव्हते. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्ध आणि १९८६ मध्ये हुंडाबळीविरुद्ध दंडसंहितेत कलमे आली ती त्या ओळीमागचे सत्य उघडकीस आल्यावरच. आगीचा इतिहास सांगताना हे प्रकरण गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेने रानातल्या घरांतही गॅसची शेगडी पोहोचली. धूर कमी झाला, बायकांचे डोळे वाचले. परंतु चुलीची आग दिसते, गॅस दिसत नाही. तो हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून त्यात उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला की दिव्याचे बटण लावूही नये आणि विझवूही नये, दारे उघडून नळी बंद करावी, टाकी नेहमी उभी ठेवावी, रबरी नळी भेगाळण्याआधी बदलावी. हे सर्व शेगडी देणाऱ्याने सांगावयाचे असते. पुष्कळ ठिकाणी माडिया वा गोंडी बोलणाऱ्या घरात ते मराठी वा हिंदी कागदावर छापून दिले जाते. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी टाकू नये, झाकण ठेवून आंच बंद करावी, ही साधी गोष्ट शहरातल्या शिकलेल्या मंडळींसही ऐन वेळी आठवत नाही.

वरोरा, राजुरा, कोरपना या कापसाच्या पट्ट्यात आणखी एक संकट आहे. भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो. अर्धे घर कापसाचे, उरलेल्या अर्ध्यात चूल आणि मुले. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. वरचे पाणी आत शिरत नाही. ढीग उपसून, बाहेर पसरून, चाचपून पाहावा लागतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाच्या पोटात आग लागली तीही कापसाच्या गासड्यांच्या फळीतच, आणि त्याच जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. ती विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळला जातो. धानपट्ट्यात कापसाच्या जागी पुंजणे असते. कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यास वैरभावाने काडी लावण्याची दुष्ट रीत अजून गेलेली नाही. एका रात्रीत वर्षाचे अन्न जाते. पुंजणी घरापासून आणि एकमेकांपासून दूर रचावीत, एवढेच शेतकऱ्याच्या हाती आहे.

शहराची गोष्ट निराळी. चंद्रपुरास १८६७ पासून नगरपालिका होती, २०११ मध्ये महानगरपालिका झाली. बंब आहेत, पण जटपुरा दरवाज्याची गर्दी ज्याने पाहिली आहे त्यास बंब आतल्या गल्लीत किती वेळात पोहोचेल हे सांगावयास नको. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम उंच इमारती, रुग्णालये, शाळा, सभागृहे यांस लागू होतो, आणि जानेवारीत व जुलैत असा वर्षातून दोनदा यंत्रणा चालू असल्याचा दाखला मागतो. दाखला आणि यंत्रणा या दोन वस्तू एक नव्हेत. शेजारच्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. ज्यांस पळता येत नाही, हाकही मारता येत नाही, त्यांच्या खोलीत यंत्रणा किती चोख हवी!

आणि गडचिरोली? जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. तेथून बंब निघणार, आणि वाटेवरच्या पाड्यात गवती घर किती वेळ तग धरणार? दहा मिनिटेही नाही. तेथे बंब म्हणजे गावच होय. म्हणून अशा गावांसाठी बंबाच्या मागणीआधी दुसऱ्या दाराची मागणी करावी असे आम्हांस वाटते. महाभारतात लाखेच्या घराची कथा आहे; लाख तर आमच्याच रानातली. पांडव वाचले ते विदुराने आधी सावध केले आणि भुयार खणविले म्हणून. चांद्याचा कोट बांधणाऱ्यांनी चार मोठ्या दरवाज्यांखेरीज पाच खिडक्या ठेवल्या. आमच्या गरिबाच्या घराला मात्र एकच दार, ते चुलीजवळ, आणि रात्री आतून कडी. घरकुलाचे नकाशे सरकारी कचेरीत तयार होतात; त्यांत मागच्या बाजूस एक लहान दार, निदान माणूस निघेल एवढी गज नसलेली खिडकी, सक्तीची करावयास फारसा खर्च नाही.

धूर भरला तर रांगत निघावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. अंगावरचे कापड पेटले तर धावू नये. आडवे होऊन लोळावे, किंवा दुसऱ्याने घोंगडी टाकावी, नायलॉनची चादर नव्हे. भाजलेल्या जागेवर शाई, हळद, दंतमंजन, कोंबडीचे अंडे असे काही लावू नये. वीस मिनिटे साधे थंड पाणी ओतत राहावे आणि मग स्वच्छ कापड गुंडाळून दवाखाना गाठावा. एटापल्लीच्या आत राहणाऱ्यास तो गाठण्यास अर्धा दिवस लागू शकतो, म्हणून ती पहिली वीस मिनिटे त्याच्या बाबतीत अधिक मोलाची. घर गेले तर तलाठ्याकडून पंचनामा त्याच दिवशी करून घ्यावा. आग ही आपत्ती निवारण निधीच्या यादीत आहे. निस्तार हक्काने बांबू आणि इमारती लाकूड मिळू शकते, त्याचा अर्ज वनाधिकाऱ्याकडे वेगळा करावा लागतो. आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे तो अर्ज मे महिना संपण्याआधी गेला पाहिजे.